सहावं वचन

"गुरुजी, हिशेब जमत न्हाई," दगडू पेंटर म्हणाला आणि ब्रश कानावर खोचून आमच्या ओट्यावर मांडी घालून बसला. "सात डोकी. डोक्यामागं दोन शिंगं धरली तर चौदा होत्यात. तुमी म्हंता दहाच. मंग वरची चार कुठं घालवू?"

पप्पांनी चष्मा नाकावर नीट बसवला, बायबल उघडलं आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायावर बोट ठेवलं. "दहा म्हणजे दहा. शास्त्रात आपल्या सोयीनं वाढवता येत नाही."

"मंग काही डोक्यास्नी एकेकच शिंग द्यावं लागंल."

"दे की."

"एकशिंगी जनावर पोळ्याला कुणी दारात उभं करत न्हाई, गुरुजी."

"हे पोळ्याचं नाही, दगडू. हे समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. जगाच्या अंताच्या वेळचं."

"आसं व्हय," दगडू म्हणाला. "मंग जरा रागीट काढतो."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. एरवी मी हसून हसून चहा सांडला असता. पण त्या दिवशी मला हसू येईना, कारण ते सात डोक्यांचं श्वापद माझ्या लग्नाच्या आड येऊन उभं राहिलं होतं. तेही माझ्याच बापाच्या खर्चानं, साडेतीन वार मांजरपाटावर.

माझे पप्पा म्हणजे शांतवन पाटोळे. करंजवाडीच्या मिशन शाळेत हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि अख्ख्या मिशन कंपाउंडात नुसते 'गुरुजी'. आई मी शाळेत असतानाच प्रभूघरी गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी बालवाडी चालवत होते, पप्पा माझ्या बालवाडीला नावं ठेवत होते, आणि आमचं छान चाललं होतं. मग नगरहून साळव्यांचं स्थळ आलं. ओबेद साळवे, एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी, उंचीला बरा, बोलायला कमी. मला तो पाहताक्षणीच आवडला होता, पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता नातवंडं झाल्यावर सांगायला हरकत नाही. जानेवारीत साखरपुडा झाला. मे महिन्यात लग्न ठरलं.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपता संपता पप्पा उभे राहिले आणि मंडळीला म्हणाले, "आपण स्तोत्रं वाचतो आणि मग उडी मारून एकदम मत्तयाच्या शुभवर्तमानात उतरतो. मधले संदेष्टे म्हणजे आपल्या घरातली कुलूप लावलेली खोली झाली आहे. येत्या बुधवारपासून संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी संदेष्ट्यांचा अभ्यास सुरू होईल. बायबल आणावं. चहा मिळेल."

पहिल्या बुधवारी माणसं चहासाठी आली हे खरं. पण पप्पांनी शिकवलं मात्र सुरेख. संदेष्टा म्हणजे कुडमुड्या जोशी नव्हे, असं म्हणाले. राजाला तोंडावर 'तू चुकलास' म्हणणारा माणूस म्हणजे संदेष्टा. उद्या काय होणार हे तो सांगतो, ते आज आपण सुधारावं म्हणून. आमोस गुराखी होता, मीखा खेड्यातला होता, असं एकेक सांगत गेले, आणि ज्यांच्या बायबलात त्या भागाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, ती माणसं नखानं पानं सोडवत ऐकत बसली. माझा ऊर भरून आला होता. आपला बाप हेडमास्तर होता ते उगीच नाही, असं वाटलं.

पण तिसऱ्या-चौथ्या बुधवारी पप्पा दानिएलाच्या पुस्तकात शिरले आणि तिथून काही परत आले नाहीत. स्वप्नातल्या पुतळ्याचं पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, चार पशू, सात-सात वर्षांची सप्तकं. फळ्यावर आकडे येऊ लागले. आकडे आले तशी गर्दीही वाढली, कारण गुराख्याच्या उपदेशापेक्षा जगाचा शेवट केव्हा, हे ऐकायला माणूस चार पावलं जास्त चालतो. चहाची पातेली दोन झाली. आणि एका बुधवारी पप्पांनी बेरीज केली, खडू खाली ठेवला आणि जाहीर केलं, "येत्या नाताळाच्या आत."

त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "पप्पा, मांडववाल्याला सांगायचं ना? मेमधल्या तारखा जातात लवकर."

पप्पा वर्तमानपत्र वाचत होते. त्याच्या आडूनच म्हणाले, "मांडव कशाला?"

"लग्नाला."

"केतुरा, जग कुठं चाललंय आणि तू मांडवाचं काय घेऊन बसलीस? त्या दिवसांत ज्या लेकुरवाळ्या असतील त्यांचे हाल होतील, असं खुद्द प्रभूनं सांगून ठेवलंय. तुझ्याच भल्यासाठी म्हणतो. नाताळापर्यंत थांबू."

"आणि नाताळापर्यंत जग संपलं तर?"

"मग प्रश्नच नाही."

"आणि नाही संपलं तर?"

पप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "अविश्वासानं बोलू नये," म्हणाले.

आता यावर काय बोलणार? दुसऱ्या कुणाच्या बापानं हुंड्यावरून अडवलं असतं, जातीवरून अडवलं असतं, तर चार माणसं मध्ये घालता आली असती. जगाचा अंत मध्ये आला की कुणाला मध्ये घालणार? मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते नुकतेच सेमिनरीतून आलेले, मिशाही पुऱ्या फुटलेल्या नव्हत्या. "गुरुजींच्या वर्गाला चाळीस माणसं येतात," ते हळहळून म्हणाले, "आणि माझ्या शुक्रवारच्या प्रार्थनेला तिघं. त्यातला एक मी." त्यांची कीव करून मी परत आले.

मग ओबेदची आई आली. साळवेबाई नगरहून सकाळच्या गाडीनं उतरल्या त्या तडक आमच्या ओट्यावर. त्या वेळेपर्यंत दगडूचं चित्र पुरं होऊन वर्गाच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लागलं होतं. सात डोक्यांपैकी तिघांना जोडशिंगं आणि चौघांना एकेक. दगडूचा हात बैलांवर बसलेला, त्यामुळे ते श्वापद सातही तोंडांनी वैरण मागतंय असं वाटे. साळवेबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग पप्पांना म्हणाल्या, "गुरुजी, मला एवढंच सांगा, शेवट मेच्या आधी की मेच्या नंतर?"

"दिवस आणि घटका कुणालाच ठाऊक नाही, बाई. पण अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला, एवढं कळतं."

"मेच्या आधी असंल तर माझा मांडवाचा खर्च वाचला. नंतर असंल तर आधी लग्न उरकून घेऊ. दोन्हीकडून मला चालतंय. पण माझं पोरगं असं टांगून ठिवू नका. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी पुकार झाला तर झाला. न्हाईतर कोपरगावची एक नर्स हाय सांगून आलेली."

आमच्याकडे लग्न ठरलं की सलग तीन रविवार मंडळीत नवरानवरीची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तो पुकार. आणि पुकाराला मुलीच्या बापाचा होकार लागतो. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, एप्रिलात होता. साळवेबाई चहा न घेता गेल्या, याचा अर्थ करंजवाडीत सगळ्यांना कळतो. मी मागच्या दारी जाऊन चुलीपाशी बसले आणि मनसोक्त रडले. मला कोपरगावच्या त्या नर्सचा इतका राग आला की विचारू नका. बिचारीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

रडताना मला रिबेकाबाईनं पाहिलं. रिबेकाबाई आमची शेजारीण, पूर्वीची बायबलबाई. तरुणपणी खांद्याला झोळी लावून गावोगाव फिरायची, बायांना येशूच्या गोष्टी सांगायची. तोंड असं की कुत्रंसुद्धा तिच्यावर भुंकायच्या आधी विचार करायचं.

"रडू नगं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला त्याच्याच शास्त्रानं धरायचा. बाकी कशानं तो सापडायचा न्हाई."

पहिला डाव तिनं पुढच्याच बुधवारी टाकला. भर वर्गात हात वर करून म्हणाली, "गुरुजी, एक शंका. शेवट नाताळाच्या आत हाय ना?"

"आहे."

"मंग तुमी मागल्या महिन्यात रेडिओचं लायसन वर्षभराचं कसं काय भरलं?"

दाराजवळ बसलेल्या इस्राएलमामा पोस्टमननं पटकन छताकडे पाहिलं. लायसन पोस्टातच भरायचं असे तेव्हा, त्यामुळे बातमी कुठून फुटली हे सगळ्यांना कळलं. लोक खुसखुसले. पण पप्पा हेडमास्तर होते. पापणी न लवू देता म्हणाले, "कैसराचं ते कैसराला, रिबेकाबाई. प्रभू आला तेव्हा मी बिनलायसनचा सापडू नये." आणि फळ्याकडे वळले.

"लई तयारीचा हाय," रिबेकाबाई नंतर मला म्हणाली. आवाजात कौतुकच जास्त होतं.

दुसरा डाव मला सुचला. खरं तर तो सुचवला यिर्मयानं. बालवाडीतली पोरं झोपवून मी एका दुपारी बायबल चाळत बसले होते. पप्पांची बेरीज कुठं चुकते ते शोधत होते. बेरीज काही चुकत नव्हती. पण दानिएलानं म्हणे सत्तर वर्षांचा आकडा यिर्मयाच्या लिखाणातून घेतला, असं तिथं लिहिलेलं. म्हणून मी यिर्मया उघडला. एकोणतिसावा अध्याय. बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना त्यानं निरोप पाठवला आहे. ते लोकही आमच्या वर्गासारखेच, आज सुटू की उद्या सुटू म्हणून हातपाय गाळून बसलेले. त्यांना देव काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा. आणि सहाव्या वचनात सांगतो की लग्नं करा, लेकरं होऊ द्या, आपल्या मुली नवऱ्यांना द्या.

मी ते वचन तीनदा वाचलं. मग पोरांना तसंच झोपलेलं ठेवून रिबेकाबाईच्या घरी पळाले.

"हे मी पप्पांना दाखवलं तर ते म्हणतील, ते बाबेलातल्या लोकांना सांगितलंय, तुला नाही," मी म्हटलं.

"तू दाखवायचंच कशाला?" रिबेकाबाई म्हणाली. "त्यास्नीच मोठ्यांदा वाचू दे. साऱ्यांच्या म्होरं. स्वतःच्या तोंडानं वाचलेलं वचन माणसाला गिळता येत न्हाई आन थुकता येत न्हाई."

आता हे कसं साधायचं? तर आमच्या वर्गाची एक रीत होती. अध्याय कुणी एकटा वाचत नसे. जाजमावर समोरासमोर दोन ओळी बसत, मध्ये भिंतीला टेकून, श्वापदाच्या बरोबर खाली, पप्पा. वाचन डाव्या ओळीच्या शेवटापासून सुरू होई, एकानं एक वचन वाचायचं, असं करत ते पप्पांपर्यंत येई आणि तिथून उजव्या ओळीत जाई. म्हणजे डाव्या ओळीत पाच माणसं बसली, तर सहावं वचन पप्पांच्या वाट्याला. एवढं गणित मलाही येत होतं.

त्या बुधवारी रिबेकाबाईनं वर्गात गोडीगुलाबीनं विचारलं, "गुरुजी, दानिएलानं सत्तर वर्सं यिर्मयाकडनं घेतली ना? मंग आपुन ते मूळच वाचू की एकदा."

पप्पा इतके खूश झाले की त्यांनी तिला दोन कप चहा दिला. "उत्तम! पुढच्या बुधवारी यिर्मया एकोणतीस. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. सगळ्यांनी घरून वाचून यावं."

घरून कुणी वाचून आलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या बुधवारी रिबेकाबाई चार वाजताच येऊन दाराशी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला ती हात धरून बसवत होती. "मावशी, हिकडं वारं लागंल, पल्याड बसा." "आवो, तुमचे गुडघे दुखत्यात ना, उजव्या अंगाला भिंत हाय टेकायला." असं करत तिनं सगळी गर्दी उजव्या ओळीत आणि तिच्या मागं कोंबली. डाव्या ओळीत शेवटाला मी, मग तिनं वेचून काढलेले तिघं, आणि पाचवी ती स्वतः, पप्पांच्या शेजारी. उजव्या ओळीत पहिले पाळकसाहेब. ते बिचारे शुक्रवारी आपल्याकडे कुणी येत नाही म्हणून बुधवारी आमच्याकडे येत. दारात दगडू पेंटर. तो आमच्यातला नव्हता, पण आपलं चित्र लोक कसं बघतात हे बघायला नेमानं यायचा.

प्रार्थना झाली. पप्पांनी अध्याय काढला, चष्म्यावरून दोन्ही ओळींवर नजर फिरवली, पुन्हा पुस्तकात पाहिलं. पहिलं वचन माझं होतं. मी वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात इस्राएलमामा आणि त्यांची बायको फुलाबाई आत आले. त्यांच्या शेळीचं दूध काढून झाल्याशिवाय ते कधीच वेळेवर येत नसत, आणि आले की दारातच बसत. मी तिकडे लक्षही दिलं नाही.

"इस्राएल," पप्पा म्हणाले, "दारात का बसतोस नेहमी? परका आहेस का? ये, इकडे ये, माझ्या डाव्या हाताला बस. बाईंनाही आण. रिबेकाबाई, जरा सरकून घ्या."

"ऱ्हाऊ द्या की, तिथं ऐकू येतंय त्यास्नी," रिबेकाबाई घाईघाईनं म्हणाली.

"मंडळीत शेवटले ते पहिले," पप्पा म्हणाले.

इस्राएलमामा आणि फुलाबाई येऊन बसलेसुद्धा. पप्पांच्या अलीकडे आता दोन माणसं वाढली. रिबेकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सहावं वचन इस्राएलमामाला जाणार होतं, आणि इस्राएलमामाला तर मूलबाळही नव्हतं. पुनरुत्थानाचा सण आठवड्यावर आला होता. मला डोळ्यांपुढे कोपरगावची नर्स दिसायला लागली.

करणार काय? मी पहिलं वचन वाचलं. दुसरं झालं, तिसऱ्यातली राजांची नावं वाचताना वाचणाऱ्याची बोबडी वळली. चौथं झालं. पाचवं रिबेकाबाईनं रागारागानं वाचलं. घरं बांधा, मळे लावा म्हणताना ती कुणाला तरी शिव्या देतेय असं वाटत होतं. मग इस्राएलमामानं सुरुवात केली आणि 'बायका करा' एवढं वाचून दमच घेतला. फुलाबाईनं मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं, मुली नवऱ्यांना द्या वगैरे, त्यांनी एका श्वासात आणि बहुधा डोळे मिटून उरकलं. ते कुणाला ऐकूही गेलं नाही. लोक हसत होते. पप्पाही हसत होते. फुलाबाईनं सातवं वचन अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

आणि मग पप्पांनी आठवं उचललं. पप्पांचं वाचन म्हणजे काय, तर चर्चच्या घंटेला गरज पडू नये. खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं की, सेनाधीश परमेश्वर असं म्हणतो, तुमच्यामध्ये जे संदेष्टे आणि भविष्य सांगणारे आहेत त्यांनी तुम्हाला भुलवू नये, आणि—

इथं आवाज थबकला. वाचणं अर्ध्यावर सोडता येत नाही, हा नियम त्यांनीच घातला होता. उरलेलं वचन त्यांनी वाचलं, पण इतक्या बारीक आवाजात की तो माझ्या बापाचा आहे हे मला ओळखू येईना. ते जी स्वप्नं पाहतात त्यांच्याकडे कान देऊ नका, असं काहीसं.

पप्पांच्या डोक्यामागं ती सात डोकी वैरण मागत होती. पुढचं, नववं वचन पाळकसाहेबांचं. त्यांनी आधी ते मनात वाचलं आणि कानापर्यंत लाल झाले, कारण त्यात देव म्हणतो की ते माझ्या नावानं खोटं सांगतात, मी त्यांना पाठवलेलं नाही. वाचावं तर गुरुजींचा अपमान, न वाचावं तर शास्त्राचा. शेवटी त्यांनी ते आपल्या शर्टाच्या बटनांना वाचून दाखवलं.

त्या शांततेत दारातून दगडू पेंटर म्हणाला, "म्हंजी आता चित्र उतरवायचं का, गुरुजी?"

आधी फुलाबाई फिसकन हसली. मग उजवी ओळ, मग डावी, मग सगळी खोली. वाईट नव्हतं त्यात काही; पण मी एकटी हसले नाही. पप्पा पुस्तकात बोट घालून तसेच बसले होते. सत्तर वर्षांचं दहावं वचन कुणी वाचलं, कुणी ऐकलं, आठवत नाही. पप्पांनी लहानशी प्रार्थना केली आणि त्या दिवशी चहा कुणी मागितला नाही.

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता माझं तोंडसुद्धा पाहणार नाही, होकार तर दूरच. त्यांना मुली द्या म्हणायला लावायला गेले आणि खोटा संदेष्टा म्हणवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा अंगणात दाढी करायला बसले. लिंबाच्या खोडाला खिळ्यावर आरसा लावून ते दाढी करत. मी गरम पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि मागं वळले, तर आरशातूनच म्हणाले, "जागा तूच लावल्या होत्यास ना?"

"कसल्या जागा?"

"केतुरा, सगळी उमर रविवारच्या शब्बाथशाळेत पोरांना ओळीनं वचनं वाचायला लावण्यात गेली माझी. आपल्याला कुठलं वचन येणार ते प्रत्येक पोर आधी मोजून ठेवतं. मोजताना ओठ हलतात. काल रिबेकाबाईचे हलत होते."

पप्पांनी गालाला साबण लावला. "मग मीही मोजलं. पाच माणसं, सहावा मी. म्हणून सहावं वचन काढून पाहिलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणून तर इस्राएलला हाक मारली. एरवी त्या शेळीवाल्याला माझ्या मांडीशी कोण बसवून घेतो?"

मी तिथंच मातीत बसकण मारली. "अहो पप्पा, पण मग आठवं का नाही पाहिलंत?"

"आठवं कोण बघतो? दहाव्याखाली रेघ मारून ठेवली होती, तेवढंच मला हवं होतं. आणि काल तर मी सहाव्यापासून पळत होतो. पळणारा माणूस पुढं बघत नाही. योना देवापासून पळाला तेव्हा त्यानं विचारलं का, जहाज कुठं चाललंय?"

"तर्शीशला," मी म्हटलं. "त्यानं विचारलं होतं."

"तुला फार शिकवून ठेवलं मी," पप्पा म्हणाले.

त्यांनी वस्तरा उचलला, पण गालाला लावला नाही. साबण तसाच वाळत चालला. मी विचारलं, "सहाव्या वचनात असं काय होतं पप्पा? वाचून पुढं जायचं. तुम्हाला काय, अख्खं लेवीयाचं पुस्तक तोंडपाठ आहे."

"ते मोठ्यानं वाचायचं होतं, केतू." केतू ते मला आई गेल्यापासून म्हणाले नव्हते. "आपल्या मुली द्या म्हणून. सगळ्यांपुढं. माझ्याच्यानं झालं नसतं ते. गळा दाटला असता. हेडमास्तरचा गळा दाटलेला लोकांनी पाहावा का? त्यापेक्षा खोटा संदेष्टा ठरलो ते परवडलं."

"मग हे सगळं... नाताळ, सप्तकं..."

"तू नगरला गेलीस की या घरात मी आणि तो रेडिओ. साखरपुडा झाला त्या रात्रीच मला ते दिसलं. दानिएलाला चार पशू दिसले, मला एक रिकामी खुर्ची दिसली."

"सरळ सांगायचंत ना मला!"

"काय सांगायचं? पोरी, जाऊ नको म्हणून? बापानं असं म्हणायचं नसतं. लोक काय म्हणतात मग? म्हातारा पोरीच्या लग्नाला आडवा पडतो. पण जगाचा अंत आडवा आला तर बापाला कुणी बोल लावत नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की नाकातून कसला आवाज निघतो ते ज्याचं त्याला माहीत. "पण तुमचा खरंच विश्वास होता का त्या तारखेवर?"

"होता की. माणसाला हवं असलं की विश्वास बसतो." मग त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, अर्ध्या वाळलेल्या साबणाकडे. "पाळकसाहेबांना सांग, मी दहा वाजता येतो होकार द्यायला. आणि त्या साळवेबाईला चिठ्ठी टाक. म्हणावं, शेवट पुढं ढकललाय."

पुकार झाला, तीनही रविवार. हरकत आहे का असं विचारल्यावर पहिल्या रविवारी रिबेकाबाई सगळ्या मंडळीकडे अशी वळून बघत राहिली की कुणाची असती तरी ती जिरली असती. बुधवारचा वर्गही चालू राहिला, पण तो पुन्हा आमोस गुराख्यापासून सुरू झाला, आणि गर्दी अर्ध्यावर आली. पाळकसाहेबांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला मात्र पप्पा जाऊ लागले. तिघांचे चार झाले.

मेमध्ये लग्न लागलं. आमच्या लग्नविधीत एक प्रश्न असतो. पाळक विचारतो, या वधूला या वराच्या हाती कोण देतो? बापानं 'मी देतो' म्हणायचं, मुलीचा हात पुढं करायचा आणि आपल्या बाकावर जाऊन बसायचं. काय बोलायचं ते पुस्तकात छापलेलं आहे.

पाळकसाहेबांनी विचारलं. पप्पा गप्प. काळा कोट, गळ्याला टाय, ताठ मान आणि तोंडातून शब्द नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, जरा काकुळतीनं. मागच्या बाकावर साळवेबाईंनी पदर खोचल्याचं मला न बघताच कळलं. म्हातारा आता पुन्हा श्वापद बाहेर काढतोय की काय, हीच भीती सगळ्यांना.

"माझी द्यायची तयारी नाही, पाळकसाहेब," पप्पा म्हणाले. आवाज पुरता दाटलेला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "पण यिर्मया ऐकत नाही."

पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिलं. असलं उत्तर तिथं कुठंच नव्हतं. पण त्यांनी ते चालवून घेतलं. पप्पांनी माझा हात ओबेदच्या हातात दिला, आणि स्वतःचा काढून घ्यायला विसरले. पाळकसाहेबांनी एकदा खाकरून पाहिलं, ओबेदनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून मान हलवली. मग शपथांपासून अंगठीपर्यंतचा सगळा विधी तिघांनी हात धरूनच पार पाडला.